मोठेपणी ऑटिझमचं निदान आणि नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयाच्या ३६व्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं, म्हणजे माणसांत वावरणं, बोलण्याचा अर्थ लावणं, आवाज-उजेड झेलणं माझ्या मेंदूत मुळातच वेगळ्या तऱ्हेने होतं. पुण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात मी तेव्हाही काम करत होते, आजही करते. पुढे ओळखीच्यांचे, मग त्यांच्या ओळखीच्यांचे मेसेज येऊ लागले आणि प्रश्न फिरून फिरून तेच निघाले. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून, जाणकारांना विचारून आणि काही वेळा स्वतः रांगेत उभं राहून कळलेलं आहे.

१. माझं वय ३८ आहे. या वयात ऑटिझम होऊ शकतो का?

होत नाही. तो जन्मापासून असतो, या वयात कळतो. निदानासाठी डॉक्टर जी डीएसएम-५ ही नियमावली वापरतात (२०१३ची), तिच्यातच म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असतात, पण लोकांत वावरण्याचा भार झेपेनासा होईपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही. शिकून घेतलेल्या सवयींखाली ती झाकलेलीही राहतात.

शाळेत बाक ठरलेला, वेळापत्रक ठरलेलं, परीक्षेत काय येणार तेही ठरलेलं. मार्क चांगले पडले की पुढे कुणी बघत नाही. ‘अबोल आहे’, ‘हट्टी आहे’, ‘पुस्तकी किडा आहे’ एवढ्यावर विषय मिटतो. मुलगी असेल तर शांत बसण्याचं कौतुकच होतं. मग नोकरी लागते, बढती मिळते, कामाऐवजी माणसं सांभाळायची वेळ येते आणि तिथे गाडी अडते. मला लिहिणारे बरेच जण बढतीनंतर कोलमडलेले असतात. त्यांना वाटतं, आपण अचानक बिघडलो. बिघडलेले नसतात, इतकी वर्षं जो आधार नकळत मिळत होता तो काढून घेतला गेलेला असतो.

२. स्वमग्नता म्हणायचं, ऑटिझम म्हणायचं की ॲस्पर्गर?

ॲस्पर्गर (बोलणं आणि बुद्धी नीट असलेल्या ऑटिस्टिक लोकांना पूर्वी दिलं जाणारं नाव) हे वेगळं निदान डीएसएम-५मध्ये राहिलं नाही, ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ऑटिझमच्या सगळ्या छटांच्या एकाच नावाखाली आलं. तुमच्या जुन्या कागदावर ॲस्पर्गर असेल तर तो कागद फुकट जात नाही.

‘स्वमग्नता’ हा शब्द सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत दिसतो, पण मी तो स्वतःसाठी वापरत नाही. स्वतःतच मग्न असणारं माणूस दुसऱ्याची पर्वा करत नाही असा त्याचा वास येतो. माझ्या बाबतीत तर उलट आहे: समोरच्याच्या आवाजातला बदल, खुर्चीचा आवाज, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीचा वास, सगळं एकदमच आत येतं. दार मिटलेलं नाही, ते मिटतच नाही. तुम्हाला जो शब्द पटेल तो वापरा.

३. इंटरनेटवरच्या चाचणीत खूप गुण आले. झालं ना निदान?

नाही. ५० प्रश्नांची जी ‘एक्यू’ चाचणी सगळीकडे फिरते, ती केंब्रिजच्या संशोधकांनी २००१मध्ये मांडली. ती चाळणी आहे. पुढे तपासणी करावी का, एवढंच ती सांगते. काळजी, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाणं), लहानपणचा आघात यांमुळेही गुण वाढू शकतात. तरी चाचणी दिलीत याची लाज बाळगू नका. उत्तरं जपून ठेवा आणि प्रत्येक ‘हो’समोर आयुष्यातला एक प्रसंग लिहा. तपासणीत गुणांपेक्षा ते प्रसंग कामाला येतात.

४. मोठ्यांच्या निदानासाठी कोणाकडे जायचं? तिथे काय होतं?

मानसोपचारतज्ज्ञाकडे, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. अडचण अशी की ऑटिझमचं काम करणारे बहुतेक जण लहान मुलं बघतात. म्हणून फोनवरच विचारा: तुम्ही मोठ्या माणसांचं निदान करता का, किती बैठका लागतात, शेवटी लेखी अहवाल मिळतो का. पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा नंबर लावा.

बैठकांमध्ये मुख्यतः बोलणं असतं. शाळा, मैत्री, खाण्याच्या सवयी, आवाज-उजेडाचा त्रास, नोकऱ्या का सुटल्या. काही ठिकाणी ठरलेल्या कृती करून घेतात. जमलं तर आई, मोठी बहीण असं लहानपण पाहिलेलं कुणीतरी सोबत न्या. आणि प्रगतिपुस्तकं शोधा. आईने माझी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवली होती. चौथीच्या पुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘अक्षर उत्तम. मधल्या सुट्टीत एकटी बसते. विचारल्यास सांगते, मोजत आहे.’ मी व्हरांड्याच्या फरशा मोजत असे. तपासणाऱ्या मॅडमनी तो शेरा दोनदा वाचला.

५. आई-वडील हयात नाहीत (किंवा त्यांना कळू द्यायचं नाही). मग लहानपणाची माहिती कोण देणार?

तुम्ही स्वतः. आई-वडिलांची साक्ष उपयोगी पडते, पण तिच्यावाचून निदान अडतंच असं नाही. मामेभाऊ, शाळेपासूनची मैत्रीण, जुने फोटो, वह्या, पत्रं, सगळं चालतं. फोन करतानाच अडचण सांगा, म्हणजे त्या दिवशी धक्का बसत नाही.

आणखी एक बाजू आहे. आई-वडील आले तरी काही वेळा म्हणतात, ‘आमच्याकडे सगळे असेच आहेत.’ ते खोटं बोलत नसतात. घरात आणखी दोघं-तिघं तशीच असू शकतात, कारण ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

६. डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही नोकरी करता, लग्न झालंय, डोळ्यांत बघून बोलता. तुम्हाला कसला ऑटिझम?’

हे ऐकून रडत घरी आलेले खूप जण मला भेटले आहेत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. डोळ्यांत बघता येणं आणि डोळ्यांत बघायला त्रास न होणं यांत फार अंतर आहे. मी दोन भुवयांच्या मध्ये बघते. कॉलेजात शिकले. समोरच्याला फरक कळत नाही, मला मात्र त्या वेळी वाक्य ऐकू येतं आणि अर्थ मागून येतो. याला मास्किंग म्हणतात, म्हणजे आपण जसे नाही तसे दिसण्यासाठी दिवसभर केलेली मेहनत. डॉक्टरांना परिणाम सांगू नका, मेहनत सांगा: फोन करण्याआधी वाक्यं लिहून काढता का, समारंभानंतर किती दिवस झोपून काढावे लागतात.

दुसरं मत घेण्यात गैर काही नाही. दुसऱ्यांनीही नीट तपासून ‘ऑटिझम नाही’ म्हटलं, तर मग आहे काय हे त्यांनाच विचारा. त्रास खरा असतो, नाव वेगळं असू शकतं.

७. निदानाचा अहवाल, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हे एकच का?

नाही, आणि यात लोकांचे महिने वाया जातात. अहवाल तुमच्या तज्ज्ञाने दिलेला असतो. उपचारासाठी, स्वतःला समजण्यासाठी आणि ऑफिसात विनंती करण्यासाठी अनेकदा तेवढा पुरतो. प्रमाणपत्र मात्र नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयातल्या अधिकाऱ्यांकडूनच मिळतं. त्यासाठी यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालय किंवा दुसरं नेमलेलं रुग्णालय तपासणीला बोलावतं. मंजूर झालं की प्रमाणपत्र आणि कार्ड मिळतं.

प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व किती टक्के ते लिहिलेलं असतं. ऑटिझमची ही टक्केवारी काढायला ‘आयसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरली जाते: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७०च्या खाली आले तर तिच्या मते ऑटिझम नाही. तिच्यातले बरेच मुद्दे लहान मुलांकडे पाहून लिहिल्यासारखे आहेत, त्यामुळे बोलून-चालून असलेली मोठी माणसं तिच्यात नीट मोजली जात नाहीत असं माझं मत आहे. बोर्डासमोर, म्हणजे रुग्णालयातल्या तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर जाताना अहवालाच्या प्रती न्या, प्रश्नांची उत्तरं लेखी न्या आणि ‘कसं तरी जमवते’ हे वाक्य घरी ठेवून जा. जमवायला काय करावं लागतं ते सांगा.

८. ४० टक्क्यांपेक्षा कमी आलं. म्हणजे मला काहीच हक्क नाहीत?

आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यांतला एक. कायदा दोन पातळ्यांवर बोलतो. आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्के लागतात. पण भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोयी (इतरांसारखं काम करता यावं म्हणून केलेले बदल) मिळण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला आहे, त्याला ४० टक्क्यांची अट नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये हेच स्पष्ट केलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला तो निकाल परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दलचा होता. एचआर ‘४० टक्के आहेत का?’ एवढंच विचारून फाईल मिटत असेल, तर हा निकाल लक्षात असू द्या.

९. ऑफिसात सांगायचं की नाही?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सांगायलाच हवं असं काही नाही. मी स्वतः आधी काही सांगितलं नाही, नुसत्या सोयी मागितल्या. ‘सूचना ईमेलवर मिळाल्या तर माझ्याकडून चूक होत नाही’ हे बोलायला निदान लागत नाही, आणि साहेबांनी लगेच मान्य केलं. जागा बदलून मागितली तेव्हा मात्र ‘सगळेच मागतील’ असं उत्तर आलं, तेव्हा अहवाल दाखवला.

त्याआधीच्या एका ऑफिसात काय झालं तेही सांगते. तेव्हा माझं निदान झालेलं नव्हतं. आवाजाचा त्रास होतो एवढं मी एका वरिष्ठांना विश्वासाने सांगितलं आणि जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा झाली. म्हणून आता सांगते: तोंडी सांगू नका, लेखी सांगा, कुणाला सांगताय ते ठरवा, आणि ‘ही माहिती फक्त सोयी देण्यासाठी आहे, इतरांना कळवू नये’ ही ओळ घाला.

तीन प्रसंगी सांगणं टाळता येत नाही असं मला वाटतं. मागितलेली सोय नाकारली गेली, कामाबद्दल लेखी नोटीस आली, किंवा प्रकृती इतकी ढासळली की रजा घ्यावी लागेल. नोटिशीनंतर सांगितलं तर पळवाट वाटते, म्हणून तसे वारे वाहू लागले की आधीच लिहा. तुमच्या कंपनीचं समान संधी धोरण आहे का ते त्याआधी पाहा. कायद्याने प्रत्येक आस्थापनेने ते जाहीर करायचं असतं, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारी नेमल्याचा उल्लेखही हवा.

१०. नेमकं मागायचं काय? माझ्या डोक्यात तर काहीच येत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘मला ऑटिझम आहे, समजून घ्या’ असं म्हटलं तर समोरचा भला माणूसही काय करायचं ते न कळून गप्प बसतो. ‘माझं टेबल झेरॉक्स मशीनपासून हलवा’ म्हटलं तर शिपाई मामा दहा मिनिटांत हलवतात.

आधी दोन आठवडे वही ठेवा. रोज संध्याकाळी दोन ओळी: आज कुठल्या क्षणी डोकं बंद पडलं, त्याआधी अर्धा तास काय चाललं होतं. मी बैठकांना दोष देत होते. वहीतून निघालं की बैठका नव्हत्याच, माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट होती. तिचा चोक गुणगुणायचा, आणि दुपारी तीनपर्यंत त्या आवाजाशिवाय मला काही ऐकू येईनासं व्हायचं. इतर कुणाला तो आवाज येतच नव्हता. इलेक्ट्रिशियनने ती काढून एलईडी बसवली, आणि त्या महिन्याचं क्लोजिंग मी पहिल्यांदा डोकेदुखीवाचून केलं.

लोकांनी मागितलेल्या आणि मिळालेल्या काही गोष्टी: भिंतीला पाठ लागेल अशी जागा, कानांवर हेडफोन लावायची मुभा, बैठकीचे विषय आदल्या दिवशी, तोंडी सांगितलेलं काम नंतर एका ओळीत मेसेजवर, लोकलची गर्दी टाळता येईल अशी वेळ, आठवड्यातले दोन दिवस घरून काम, डबा एकट्याने खायची परवानगी. शेवटची किरकोळ वाटेल. पण एक ते दीडचा तो अर्धा तास मला मिळाला नाही तर पुढचे चार तास वाया जातात.

सूचनांचं वेगळं सांगते, कारण आपल्या भाषेत ही अडचण मोठी आहे. ‘जरा बघून घे’, ‘जमलं तर कर’, ‘बघू या’. ‘जमलं तर कर’ म्हणजे बहुतेक वेळा ‘आजच कर’, आणि ‘बघू या’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’. मला हे वयाच्या तिशीत कळलं. आता मी न संकोचता विचारते, ‘कधीपर्यंत हवं, आणि झालं हे कशावरून समजायचं?’

विनंती लिहिताना एका वेळी दोन-तीनच गोष्टी मागा, प्रत्येकीपुढे तिच्यामुळे कामात काय सुधारेल ते लिहा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहू असं सुचवा.

११. लोक म्हणतात मी तुटक बोलते, आगाऊ आहे. काय बदलू?

सगळं बदलायला जाऊ नका, त्यातूनच पुढे प्रश्न १३ची वेळ येते. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२मध्ये मांडलं, की गैरसमज दोन्हीकडून होतो: आपल्याला इतरांचं कळत नाही तसंच इतरांनाही आपलं कळत नाही. ते वाचल्यावर माझा निम्मा अपराधीपणा गेला.

तरी दोन गोष्टी मला उपयोगी पडल्या. एक, ‘तू’ की ‘तुम्ही’. मी कुणाशी अहो-जाहो करायचं याचा अंदाज कधीच बांधू शकले नाही. वयाने लहान साहेब, वयाने मोठ्या हाताखालच्या ताई. आता नव्या माणसाला सरसकट ‘तुम्ही’, आणि समोरून ‘अगं, तू म्हण’ आलं तरच ‘तू’. दुसरी गोष्ट चहा. ‘चहाला येतेस?’ हा प्रश्न चहाबद्दल नसतो, कामाच्या निम्म्या बातम्या तिथे फिरतात. मला रोज जमत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा जाते आणि एका मैत्रिणीला सांगून ठेवलंय, कामाचं काही ठरलं तर मला कळव.

१२. मुलाखतीत निदान सांगू का?

मी सांगत नाही, सोय मागते. प्रश्नांचं स्वरूप आधी कळेल का, पॅनेलमध्ये किती जण असतील, लेखी चाचणी घेता येईल का. एवढं विचारल्यावर उमेदवार नकोसा झाला तर ती जागाही आपल्यासाठी नव्हतीच. दिव्यांग कोट्यातून अर्ज करत असाल तर अर्थातच सांगावं लागतं. केंद्र आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून आहे. जाहिरातीत ती जागा कोणत्या प्रकारांसाठी आहे ते नीट वाचा.

१३. इतकी वर्षं जमत होतं. आता अंघोळसुद्धा जमत नाही. हे काय आहे?

अनेक ऑटिस्टिक लोक याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात: वर्षानुवर्षं मास्किंग करून आलेला थकवा, ज्यात येत असलेल्या गोष्टीही येईनाशा होतात. नैराश्यासारखं दिसतं, आणि नैराश्य सोबत असूही शकतं, म्हणून डॉक्टरांकडे जाच. नुसती सुट्टी पुरत नाही. परत येऊन तीच ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर महिन्याभरात माणूस पुन्हा तिथेच येतं. रजेवर जातानाच प्रश्न १०मधली विनंती देऊन ठेवा.

जगणं नको वाटत असेल तर हे वाचन इथेच थांबवा आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलणं अवघड जातं हे मला माहीत आहे. पहिलं वाक्य कागदावर लिहा आणि तेच वाचा.

१४. खाजगी कंपनीने निदान कळल्यावर राजीनामा मागितला. काय करू?

त्या खोलीत सही करू नका. ‘विचार करून कळवते’ म्हणा, बाहेर या, आणि काय बोलणं झालं ते तारीख-वेळेसह स्वतःला ईमेल करा. मग लेखी कारण मागा.

कायद्याची खरी स्थिती सांगते. २०१६च्या दिव्यांग कायद्यातलं (प्रश्न ८) नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारं कलम २० सरकारी आस्थापनांबद्दल आहे. खाजगी कंपन्यांना समान संधी धोरणाचं कलम २१ लागू आहे, आणि कलम ३ भेदभावाला एकूणच मनाई करतं. म्हणजे खाजगीत लढाई अवघड असते, पण हात रिकामे नसतात. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते. कामगार कायद्याचा वकीलही गाठा, कारण काही वेळा दिव्यांगत्वापेक्षा नोटीस आणि देणी हा मुद्दा जास्त भक्कम निघतो.

१५. मी सरकारी नोकरीत आहे. रुजू होताना हे सांगितलं नव्हतं म्हणून कारवाई होईल का?

जे माहीतच नव्हतं ते लपवलं असं होत नाही. अहवालावर निदानाची तारीख असते, ती जपा. एक बारकावा मात्र आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता किंवा पद कमी करता येत नाही, असं कलम २० म्हणतं. ऑटिझम जन्मापासूनचा, त्यामुळे ‘नोकरीत असताना आलं’ या शब्दांवर कुणी बोट ठेवू शकतं. म्हणून फक्त त्या पोटकलमावर विसंबू नका. त्याच कलमात भेदभावाला मनाई आहे आणि वाजवी सोयी देण्याचं बंधन आहे, अर्जात ते लिहा. कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, अर्ज त्यांच्याकडे द्या आणि पोच घ्या.

१६. प्राप्तिकरात सवलत मिळते का?

प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये वजावट मिळते. फक्त जुन्या करपद्धतीत. दोन्ही पद्धतींनी आकडा काढून मगच निवडा.

१७. मला एडीएचडीही आहे म्हणतात. दोन्ही असू शकतं?

असू शकतं, आणि अनेकांना असतं. २०१३पूर्वीच्या डीएसएममध्ये दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती, म्हणून जुन्या कागदांवर एकच सापडतं. नोकरीत याचा अर्थ असा की एका सोयीने दुसऱ्याला त्रास होऊ शकतो: ठरलेली दिनचर्या हवीही असते आणि तिचा कंटाळाही येतो. वहीत (प्रश्न १०) दोन्ही नोंदवा.

१८. मी ब्रिटनमध्ये आहे. तिथे वेगळं काय?

तिथे २०१०चा समानता कायदा खाजगी मालकांनाही वाजवी बदल करायला बांधतो, आणि ‘ॲक्सेस टू वर्क’ या सरकारी योजनेतून साहित्य किंवा मदतनिसाचा खर्च मिळू शकतो. इथून जाताना अहवाल इंग्रजीत आणि सहीशिक्क्यासह घेऊन जा.

१९. मी टीम सांभाळतो. एका मुलाला ऑटिझम असावा असं वाटतं. त्याला सांगू का?

नको. निदान तुमचं काम नाही, आणि तुमचा अंदाज चुकला तर तो मुलगा ते वाक्य जन्मभर विसरणार नाही. सोयी मात्र तुमच्या हातात आहेत. बैठकीचे विषय आदल्या दिवशी सगळ्यांनाच पाठवा. काम दिलं की तारीख द्या. वाढदिवसाच्या केकला कुणी आलं नाही तर हाक मारून बोलावू नका. आणि महिन्यातून एकदा, ज्याच्या-त्याच्याशी वेगळं बसून विचारा, ‘इथे काम करताना तुला कशाचा त्रास होतो?’ मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. माझ्या साहेबांनी विचारलं तेव्हा मला पूर्ण एक मिनिट लागलं होतं, आणि ते खिडकीबाहेर बघत थांबले होते.